संगणकालाही पथ्य हवे

स्पॅम, पॉप-अप आणि विषाणू यांच्यापासून ज्येष्ठांचे संगणक, मोबाइल आणि आयुष्यभराची पुंजी कशी जपावी, याविषयी एका कुटुंबवैद्याचे चार शब्द.

वाचकहो, आरोग्याच्या पाक्षिकात संगणकाविषयीचा लेख पाहून आपल्याला कदाचित नवल वाटेल. रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी हे आमचे नेहमीचे विषय. परंतु लालबाग-परळ भागात इतकी वर्षे दवाखाना चालवल्यावर एक गोष्ट मला ठामपणे सांगावीशी वाटते. ‘झोप लागत नाही’, ‘छातीत धडधडते’, ‘अन्नावर वासना नाही’ अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या ज्येष्ठांशी थोडे निवांत बोलले, की काही वेळा दुखण्याचे मूळ शरीरात सापडत नाही. ते मोबाइलच्या पडद्यावर सापडते. कुणाच्या खात्यातून पैसे गेलेले असतात, कुणाला पोलिसांच्या नावाने धमकी आलेली असते, तर कुणाच्या संगणकावर लाल अक्षरांत ‘आपला संगणक बंद पडत आहे’ असे झळकलेले असते आणि तेव्हापासून त्यांनी ते यंत्र भीतीने उघडलेलेच नसते.

ही भीती निराधार नाही. दक्षिण मुंबईतील ८६ वर्षांच्या एका महिलेची डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली सुमारे २० कोटी रुपयांची फसवणूक झाली. ही बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. पोलीस असल्याची बतावणी करणाऱ्यांनी त्यांना दोन महिन्यांहून अधिक काळ धाकात ठेवले होते. रक्कम डोळे विस्फारणारी आहे. पण माझ्या मते तिच्याहून भयंकर आहे तो कालावधी. दोन महिने एक माणूस एकट्याने ही भीती वाहत राहतो, हे आपल्या सर्वांसाठी विचार करण्याजोगे आहे.

एक गोष्ट आपल्या भागाला विशेष लागू पडते. गिरगावच्या चाळीत अनोळखी माणूस जिना चढून वर आला, की गॅलरीतली चार माणसे विचारत, ‘कोण हवंय?’ त्या प्रश्नानेच निम्मे भामटे परत फिरत. आज त्याच चाळींच्या जागी उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या आहेत. पुनर्विकासातून मिळालेली रक्कम, निवृत्तीची पुंजी, मुलांनी परदेशातून पाठवलेले पैसे ज्येष्ठांच्या खात्यात आहेत. दाराला तीन कुलुपे आहेत, खाली पहारेकरी आहे. मात्र हातातला मोबाइल सताड उघडा आहे आणि तेथे ‘कोण हवंय?’ असे विचारणारे कुणी नाही. तो प्रश्न आता आपल्यालाच विचारायला शिकायचे आहे.

तीन शब्द, तीन निरनिराळे आजार

स्पॅम, पॉप-अप आणि विषाणू हे शब्द आपण सरमिसळ वापरतो. ताप, खोकला आणि क्षय यांत जसा भेद करावा लागतो, तसाच येथेही करायला हवा.

स्पॅम म्हणजे न मागता आलेला निरोप. तो ई-मेलने येतो, एसएमएसने येतो, व्हॉट्सॲपवर येतो. ही व्याधी फार जुनी आहे. मे १९७८ मध्ये अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने त्या काळच्या संगणक-जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात पाठवली. तोच पहिला स्पॅम मानला जातो. बहुतेक स्पॅम नुसताच त्रासदायक असतो, एखाद्या डासासारखा. पण सगळेच डास निरुपद्रवी नसतात, हे मुंबईकरांना निराळे सांगायला नको. बँकेचे, वीज कंपनीचे किंवा टपाल खात्याचे नाव घेऊन येणारा आणि ‘येथे दाबा’ म्हणणारा स्पॅम हा मलेरियाचा डास आहे.

पॉप-अप म्हणजे आपण काही वाचत असताना मध्येच उसळून वर येणारी चौकट. काही चौकटी साध्या जाहिरातींच्या असतात, काही मात्र निव्वळ भीती विकणाऱ्या.

विषाणू म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रात शिरून स्वतःच्या प्रती काढणारा आणि आपले काम करणारा छोटा प्रोग्राम. सामान्य संगणकांवर पसरलेला एक अगदी आरंभीचा विषाणू १९८६ मध्ये लाहोरमधील दोन भावांनी लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी तो लिहिला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात त्यांनी आपला पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता! मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ असे शीर्षक असलेल्या ई-मेलने जगभर हाहाकार उडवला. लोकांनी ते प्रेमपत्र समजून उघडले. तंत्रज्ञान पुढे बरेच बदलले, पण युक्ती तीच राहिली आहे. कुतूहल, भीती, लोभ किंवा माया, यांपैकी एका भावनेला हात घालायचा आणि माणसाकडूनच दार उघडून घ्यायचे.

आजचे विषाणू मात्र हौसेखातर लिहिले जात नाहीत. जून २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या अशाच एका हल्ल्याने आपल्या समोरच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प केले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या घातक प्रोग्राममुळे दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रुपये वळवले गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयाच्या यंत्रणेवर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तेथील कामे कागदावर, हाताने करावी लागली. एवढ्या मोठ्या संस्थांना जे भोगावे लागले, त्यात आपल्या घरातील यंत्र अडकले तर त्यात आपली काही अक्कल कमी पडली असे मानण्याचे कारण नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो. त्याचे कारण पुढे येईल.

उसळणारी चौकट: घाबरू नका, वाचूही नका

आपण संगणकावर एखादी पाककृती किंवा आरती शोधत आहात. अचानक सारा पडदा लाल होतो, भोंगा वाजू लागतो, इंग्रजीत इशारा येतो की आपल्या यंत्रात पाच विषाणू सापडले आहेत आणि खाली एक दूरध्वनी क्रमांक दिसतो. अशा वेळी एक सूत्र लक्षात ठेवावे. कोणतेही संकेतस्थळ आपला संगणक ‘तपासू’ शकत नाही, आणि कोणतीही खरी कंपनी पडद्यावर दूरध्वनी क्रमांक देऊन ‘लगेच फोन करा’ असे सांगत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याने आपल्या खिडकीकडे पाहून ‘तुमच्या यकृताला सूज आहे’ असे म्हणावे, तसाच हा प्रकार आहे.

तो क्रमांक फिरवला, की पलीकडे गोड बोलणारा ‘तंत्रज्ञ’ असतो. तो ‘एनीडेस्क’ किंवा ‘टीमव्ह्यूअर’सारखे ॲप घ्यायला लावतो. ही ॲप्स मुळात वाईट नाहीत. परगावी असलेला मुलगाही त्यांच्या साहाय्याने आपल्या वडिलांचा संगणक दुरुस्त करू शकतो. पण त्यांच्याद्वारे आपला पडदा दुसऱ्याला दिसू लागतो आणि परवानगी दिल्यास यंत्राचा ताबाही जातो. अशा ॲपचा गैरवापर करून खात्यांवर डल्ला मारला जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. या धंद्याची कार्यालये कुठे दूरदेशी असतात असेही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथील तरुण अमेरिकेतील करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तिकडच्या लोकांना लुबाडत होते. पलीकडचा आवाज कितीही अधिकारवाणीचा असला, तरी तो एका मोठ्या खोलीत ओळीने मांडलेल्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीतून येत असण्याची शक्यता पुष्कळ.

मग अशी चौकट आली तर काय करावे? त्या चौकटीतील कोणतेही बटण दाबू नये, ‘बंद करा’ असे लिहिलेलेही नाही; कारण तेही बनावट असू शकते. प्रथम एस्केप ही कळ काही क्षण दाबून धरावी, म्हणजे पडदाभर पसरलेली चौकट बहुधा आक्रसते. मग आल्ट आणि एफ-फोर या कळा एकत्र दाबून खिडकी बंद करावी. तेही न जमल्यास संगणकाचे चालू-बंद करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर ‘मागची पाने पुन्हा उघडू का?’ असे विचारील. त्याला नकार द्यावा. एवढ्याने दहांपैकी नऊ वेळा प्रश्न मिटतो, कारण विषाणू मुळात नसतोच. असते ते फक्त त्याचे चित्र.

काही जणांच्या पडद्याच्या कोपऱ्यात मात्र अशा सूचना रोज, तासातासाला येत राहतात. याचे कारण साधे असते. केव्हातरी एखाद्या संकेतस्थळाने ‘सूचना पाठवू का?’ असे विचारले आणि आपण ‘अलाउ’ म्हणजे परवानगी दिली. उपायही तितकाच साधा आहे. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ असा विभाग असतो. तेथे परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी दिसते. ओळखीची नसतील ती सर्व काढून टाकावीत आणि यापुढे कुणी विचारूच नये, असा पर्याय निवडावा. पॉप-अप रोखण्याचा पर्यायही त्याच ठिकाणी असतो. नातवंडाला हे काम पाच मिनिटांचे आहे.

मोबाइलमधील नवा संसर्ग

आता संगणकापेक्षा मोबाइलच अधिक वापरला जातो, आणि रोगही तिकडेच वळला आहे. सध्याचा सर्वांत घातक प्रकार म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ नावाची फाइल. कधी ती लग्नपत्रिका असते, कधी वाहतूक पोलिसांचे चलान, कधी बँकेचे केवायसी, कधी गॅसचे थकीत बिल. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर एपीके ही तीन इंग्रजी अक्षरे असली, तर ती पत्रिका नाही आणि बिलही नाही. ते एक ॲप आहे. लग्नपत्रिका ही चित्र असते किंवा पीडीएफ असते. तिला मोबाइलमध्ये ‘इन्स्टॉल’ करावे लागत नाही. असे ॲप शिरले, की ते आपले एसएमएस वाचते, म्हणजे बँकेचे ओटीपी आपल्याआधी भामट्याला कळतात. शिवाय ते आपल्याच नावाने आपल्या सगळ्या परिचितांना तीच फाइल पाठवू शकते. म्हणूनच ‘पाठवणारा ओळखीचा आहे’ हा पुरावा ठरत नाही. संसर्गजन्य रोग ओळखीच्या माणसांकडूनच होतात.

दुसरा नमुना आपल्या भागात पुष्कळांनी पाहिला आहे. ‘मागील महिन्याचे बिल अद्ययावत न झाल्याने आज रात्री ९.३० वाजता आपली वीज तोडण्यात येईल, या अधिकाऱ्याशी संपर्क साधा.’ गिरगावपासून दादर-माहीमपर्यंत वीज पुरवते ती बेस्ट. थकबाकीसाठी वीज तोडायची झाली, तरी वीज कायदा २००३ नुसार आधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. एसएमएस पाठवून त्याच रात्री अंधार करण्याचा अधिकार कुणालाही नाही. शंका वाटली, तर आपल्या कागदी बिलावर छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. निरोपात आलेल्या क्रमांकावर कधीही करू नये. आणि इंटरनेटवर शोधून सापडलेला ‘ग्राहक सेवा क्रमांक’ही खरा असेलच असे नाही. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागे असतो, रुग्णालयाचा आपल्या जुन्या केसपेपरवर असतो. तेथूनच तो घ्यावा.

तिसरी गोष्ट ‘डिजिटल अरेस्ट’ची. आपल्या कायद्यात असा प्रकार अस्तित्वातच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे स्पष्ट सांगितले होते. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवरून कुणाला अटक करत नाही, आणि ‘चौकशीसाठी’ पैसे दुसऱ्या खात्यात ठेवायला सांगत नाही. ‘हे कुणालाही सांगू नका, मुलांनाही नाही’ असे फोनवरचा माणूस म्हणाला, की त्याच क्षणी रोगनिदान पूर्ण झाले असे समजावे आणि फोन ठेवावा.

आणि यूपीआयविषयीचे एक वाक्य पाठच करावे: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन लागतो तो फक्त देण्यासाठी.

लस, आहार, स्वच्छता

प्रतिबंध हा उपचारापेक्षा बरा, हे परळच्या रहिवाशांना वेगळे सांगायला नको. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये ती प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली. तीच आजची हाफकिन संस्था. लस उपलब्ध होती, तरी ती टोचून घेण्याबद्दल लोकांच्या मनात शंका होत्या. संगणकाच्या बाबतीत आपण आज नेमके तेथेच आहोत.

संगणकाची लस म्हणजे ‘अपडेट’. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या प्रोग्रामने जगभरचे संगणक ओलीस धरले. इंग्लंडमधील रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले ते वाचले. तेव्हा ‘अपडेट उपलब्ध आहे’ ही संगणकाच्या किंवा मोबाइलच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये दिसणारी सूचना टाळू नये. घरातील संगणक जुना असेल, तर आणखी एक तपासावे. ‘विंडोज १०’ला मिळणारे नियमित मोफत संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, ‘विंडोज ७’चे तर जानेवारी २०२० मध्येच संपले होते. अशा संगणकावर पत्ते खेळावेत, गाणी ऐकावीत. बँकेचे व्यवहार करू नयेत.

विषाणूरोधक म्हणजे अँटिव्हायरस. या क्षेत्रात मराठी माणसाचे नाव मोठे आहे. मूळचे रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे संगणक शिकलेले त्यांचे धाकटे बंधू संजय यांच्यासह त्यांनी नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ हे विषाणूरोधक उभे केले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांमध्ये विषाणू सापडत होते, त्यावरचा इलाज शोधता शोधता हा उद्योग आकाराला आला. कोणते विषाणूरोधक घ्यावे हे मी सांगणार नाही. विंडोजमध्ये अंगभूत असलेलेही साध्या घरगुती वापराला पुरते. दोन पथ्ये मात्र पाळावीत. एकाच वेळी दोन विषाणूरोधके ठेवू नयेत. दोन डॉक्टरांच्या दोन वेदनाशामक गोळ्या एकदम घेतल्यासारखे ते होते. आणि पॉप-अपने सुचवलेले विषाणूरोधक तर कधीच घेऊ नये.

विषाणूरोधकाने सारे काही होते असेही नाही. आपण स्वतःहून सांगितलेला ओटीपी कोणतेही विषाणूरोधक रोखू शकत नाही. त्यासाठी रोजची स्वच्छता लागते. ती अशी:

ॲप फक्त मोबाइलमधील अधिकृत ‘प्ले स्टोअर’ किंवा ‘ॲप स्टोअर’मधूनच घ्यावे. ‘अनोळखी स्रोतांकडून ॲप घेणे’ हा पर्याय बंद ठेवावा. व्हॉट्सॲपमध्ये चित्रे आणि फाइली आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करावी.

बँकेच्या संकेतस्थळावर जाताना पत्ता स्वतः टाइप करावा. भारतीय बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या नव्या पत्त्यावर न्यावीत, यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय लावून घ्यावी.

प्रत्येक ठिकाणी निराळा पासवर्ड ठेवावा. लक्षात राहत नसतील तर वहीत लिहून ती वही कपाटात ठेवावी. ‘लिहू नका’ असा उपदेश तरुण करतात. पण एकच पासवर्ड सर्वत्र वापरण्यापेक्षा घरातील कुलूपबंद वही पुष्कळ बरी. मोबाइलमध्ये त्याचे छायाचित्र मात्र ठेवू नये. ई-मेल आणि व्हॉट्सॲप यांना दोन टप्प्यांची पडताळणी लावून घ्यावी.

जुनी छायाचित्रे आणि महत्त्वाची कागदपत्रे यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती संगणकापासून अलग ठेवावी. उद्या यंत्र ओलीस धरले गेले, तरी आठवणी सुरक्षित राहतात.

रोजच्या व्यवहारांसाठी वेगळे, छोटे खाते ठेवावे. मुदतठेवी आणि मोठ्या रकमा असलेले खाते मोबाइलला जोडूच नये. बँकेत जाऊन व्यवहारांची दैनिक मर्यादाही कमी करून घेता येते. घरात तांदळाची कोठी आत असते आणि डबा ओट्यावर, तसेच हे.

डॉक्टरच्या नजरेतून

ज्येष्ठच अधिक का फसतात, असे मला विचारले जाते. अक्कल हे त्याचे कारण नव्हे. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला पत्त्यातील एका अक्षराचा फरक दिसत नाही. ऐकू कमी येणारा माणूस समोरच्याचे वाक्य तोडत नाही, ‘हो, हो’ म्हणत राहतो. फोन तोंडावर आपटणे हे ज्या पिढीला असभ्य वाटते, ती पिढी शेवटपर्यंत ऐकून घेते. आणि दिवसभरात ज्याच्याशी कुणी चार वाक्ये बोललेले नसते, त्याला आपुलकीने विचारपूस करणारा परका आवाजही गोड लागतो. म्हणून चष्म्याचा नंबर तपासणे, श्रवणयंत्र लावणे, मोबाइलवरची अक्षरे मोठी करून देणे हेही सायबर सुरक्षेचेच उपाय आहेत.

एक सूचना अधिक गांभीर्याने करतो. आजवर हिशेबात चोख असलेली व्यक्ती वारंवार पैशांच्या चुका करू लागली, तीच बिले दोनदा भरू लागली, सांगितलेली सावधगिरी दुसऱ्या दिवशी विसरू लागली, तर ते स्मृतिभ्रंशाचे सुरुवातीचे लक्षण असू शकते. रागावण्याआधी तपासणी करून घ्यावी.

आरोग्याच्या नावाने येणाऱ्या पॉप-अप जाहिरातींबद्दलही बोलले पाहिजे. ‘सात दिवसांत साखर कायमची गायब’, ‘शस्त्रक्रियेविना मोतीबिंदू बरा’ अशा जाहिरातींवर आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, मोतीबिंदू हे सारे त्या यादीत आहेत. तरीही त्या पडद्यावर उसळतात. त्यांवर विश्वासून पैसे गेले तर ते परत मिळवता येतील. पण इन्शुलिन बंद केले, तर बिघडलेले मूत्रपिंड परत मिळत नाही. नवे औषध दिसले तर ते विकत घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवावे, एवढेच मागणे आहे.

घडलेच, तर पहिला तास

अपघातातील जखमीसाठी पहिला तास मोलाचा असतो. आर्थिक फसवणुकीतही तसेच आहे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरत असतात. ते बाहेर काढले जाण्याआधी तक्रार पोहोचली, तर वाटेत गोठवता येतात.

संशय येताच मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर टाकावा, वायफाय बंद असल्याची खात्री करावी आणि संगणक असल्यास इंटरनेटची तार काढावी. मग दुसऱ्या फोनवरून १९३० हा राष्ट्रीय क्रमांक लावावा आणि बँकेला कळवून खाते व कार्ड रोखावे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या शासकीय संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. संदेश, क्रमांक, व्यवहाराची नोंद यांतले काहीही पुसू नये. तो पुरावा आहे. त्यानंतर पोलीस ठाण्यात जावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना अनधिकृत व्यवहार झाला आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर त्याचा भार पडत नाही. ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले. पण कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे कोणत्याही परिस्थितीत लवकर सांगण्यातच हित आहे.

आणि येथेच सर्वांत मोठा अडथळा येतो. तो तंत्राचा नाही, लाजेचा आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा एरवी आटोक्यात असलेला रक्तदाब एकदा १९० वर गेला होता. गोळ्या नियमित चालू होत्या. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या: अकरा दिवसांपूर्वी खात्यातून ऐंशी हजार गेले होते आणि घरात त्यांनी कुणालाही सांगितले नव्हते. ‘मुलगा म्हणेल, तरी सांगत होतो फोन वापरू नकोस.’ त्या वाक्याच्या भीतीपोटी अकरा दिवस गेले. पैसे परत मिळण्याची शक्यता त्या अकरा दिवसांतच विरून गेली होती.

म्हणून शेवटचे बोलणे ज्येष्ठांशी नसून त्यांच्या मुला-सुनांशी, लेकी-जावयांशी आहे. आई किंवा बाबा फसले, तर पहिले वाक्य ‘असे कसे केलेत?’ हे नसावे. ‘बरे झाले लगेच सांगितलेत’ हे असावे. मोबाइल काढून घेणे हा इलाज नव्हे. त्याने माणूस जगापासून तुटतो आणि पुढच्या वेळी अधिक लपवतो. भामट्याचे सारे भांडवल आपल्या घरातल्या अबोल्यावर उभे असते. आपल्या रागाच्या भीतीने आई गप्प राहिली, तर त्यात फायदा चोराचाच होतो. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारच्या चहाला, ‘या आठवड्यात कोणता विचित्र निरोप आला?’ एवढे सगळ्यांनीच एकमेकांना विचारावे. तरुणांनीही आपले किस्से सांगावेत. फसणारे काही फक्त साठीच्या पुढचे नसतात.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेशेजारी चिकटवण्यासाठी

• १९३०: पैसे गेले किंवा संशय आला, तर लगेच.
• पैसे घ्यायला पिन लागत नाही. ओटीपी कुणालाही नाही.
• एपीके फाइल उघडायची नाही, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी.
• पडद्यावरच्या क्रमांकावर फोन नाही. क्रमांक बिलावरचा, कार्डावरचा किंवा केसपेपरवरचा.
• व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही.
• ‘कुणाला सांगू नका’ असे कुणी म्हणाले, तर फोन ठेवून आधी घरच्यांना सांगायचे.
• घाईचा प्रत्येक निर्णय एक कप चहा होईपर्यंत थांबू शकतो.

शेवटची ओळ मी रक्तदाबाच्या रुग्णांनाही सांगत असतो. दोन्हीकडे ती सारखीच उपयोगी पडते.